दहावी सवारी

वहिदा : चौतीस वर्षांत माझ्या हातून एक बांगडी फुटली न्हाई.

मकसूद : परवा अकरा फुटल्या.

वहिदा : ते परवा.

मकसूद : त्याच्या आदल्या बाजारी चार.

वहिदा : तो माल हलका होता. काच नुसती कागदासारखी आली.

मकसूद : अन् काल सकाळी चहाची बशी? ती कुठल्या मालातली?

वहिदा : जेबाचे अब्बा, तुमचं टेबल त्या कोपऱ्यात, माझं दुकान ह्या बाजूला. तुम्ही घड्याळाचे सेल बदला. बांगड्यांत बोलू नका.

मकसूद : मी कुठं बोलून राहिलो. नांदेडच्या डॉक्टरीणबाई काल काय बोलल्या तेवढंच म्हणतो. हा पट्टा रोज रात्री उजव्या मनगटाला बांधायचा. सहा आठवडे. झोपेत हात सरळ राहिला पाहिजे. रात्री पट्टा होता उशाखाली, अन् तू उठून हात झटकत बसली होतीस.

वहिदा : नवीन वस्तू हाय. पहिल्याच दिवशी मळवायची का?

मकसूद : अन् बांगड्या भरणं बंद.

वहिदा : बंद न्हाई म्हणल्या. आराम म्हणल्या.

मकसूद : बंद म्हणल्या. मग तू म्हणलीस, शुक्रवारी फक्त एक चुडा हाय. मग पुन्हा बंद म्हणल्या. दुसऱ्यांदा चष्मा काढून म्हणल्या.

वहिदा : ते सांगता, अन् माझ्या हातातल्या बांगड्या कापल्या ते न्हाई सांगत. कटरनं. वीस वर्षांची नर्स पोरगी. तिला एक बांगडी सरळ काढता येईना.

मकसूद : तुला बी आली नसती. दोन-चार मापाची बांगडी, दोन-आठचं मनगट.

वहिदा : माझा हात दोन-चारच हाय.

मकसूद : निकाहात होता.

वहिदा : तालुक्यातली बाई रस्त्यानं चालली तरी तिचं माप मी इथून सांगते. मला माप शिकवायलेत.

मकसूद : दुसऱ्याचं सांगतेस ना.

वहिदा : नवरा जित्ता असताना उघडा हात घेऊन नांदेडहून अर्धापूरपर्यंत आले मी. सगळी वाट हात ओढणीत धरून. तुम्हाला त्याचं काहीच न्हाई.

मकसूद : डाव्या हातात डझनभर आहेत की. निम्मा तरी जित्ता हाय मी.

वहिदा : पुरे. कुणीतरी येऊन राहिलं. साखरामाय दिसते. तो पट्टा आत टाका. तिच्याच नातीचा चुडा हाय शुक्रवारी. तिच्यासमोर एक अक्षर बोलू नका.

साखराबाई : वहिदा, माझे माय. कसं गं झालं हे?

वहिदा : या, बसा साखरामाय. काय झालं?

साखराबाई : मला काऊन इचारतीस? धोंडाबाईनं ष्टँडवर पाहिलं तुला रिक्षातून उतरताना. वारा सुटला, ओढणी उडाली, उजव्या हातात एक बांगडी न्हाई. म्हणं नांदेडच्या दवाखान्यातून एकलीच आली बिचारी.

वहिदा : एकली न्हाई आले. हे ड्रायव्हरच्या बाजूला बसले होते.

साखराबाई : तसंच वाटतं गं पोरी. माणूस गेलं तरी महिना-दोन महिने बाजूलाच बसल्यासारखं वाटतं.

मकसूद : त्या डब्यात काय हाय?

साखराबाई : पिठलं-भाकरी. म्हणलं घरात चूल पेटली नसंल.

मकसूद : लसूण घातलाय?

साखराबाई : घातलाय की. तुम्ही कोण पावणे? मयताला आलात का?

मकसूद : मीच मयत.

साखराबाई : अगं बाई. मकसूद.

मकसूद : टेबलामागं वाकून सेल टाकत होतो. डबा इकडं सरकवा.

साखराबाई : बरं झालं बाबा. लई बरं झालं. वाटंनं काळीज नुसतं तुटून राहिलं होतं.

मकसूद : कुठपर्यंत?

साखराबाई : खोटं काऊन बोलू. शाळेपर्यंत तुझंच दुःख होतं. शाळेच्या पुढं चुड्याची काळजी लागली. म्हणलं वहिदाचा धनी गेला, आता माझ्या तनुजाचा चुडा कोण भरंल. वहिदाला बोलवावं तर चार बाया नाक मुरडणार, न बोलवावं तर मला झोप न्हाई यायची.

वहिदा : मीच भरणार. शुक्रवारी दहा वाजता तुमच्या ओसरीवर हजर.

साखराबाई : मग हात मोकळा कशापायी?

वहिदा : नवीन डिझाइन आलंय. ते घालून बघायचं होतं.

साखराबाई : तू काऊन खोकलास रे?

मकसूद : भाकरी कोरडी हाय.

साखराबाई : कोरडी न्हाई, सकाळची हाय. वहिदा, इकडं बघ माझ्याकडं. परवा कदमांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. तिथं तुझ्या हातून अकरा बांगड्या वाढल्या म्हणं.

मकसूद : फुटल्या.

साखराबाई : वाढल्या म्हणावं. तिची सासू काय करून राहिली, ठाव हाय का तुला? मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. पोरीला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देईना. म्हणते, हिच्या हातात काच टिकत न्हाई, हिच्या नशिबातच काहीतरी खोट हाय. सातव्या महिन्याची पोरगी, दिवसभर रडून राहिली. म्हणून इचारते. काच गेली ती पोरीच्या नशिबानं, का तुझ्या हातानं? माझी बी नात हाय, तिला बी सासरी नांदायचंय.

वहिदा : चहा टाकू का?

साखराबाई : चहा नको. उत्तर दे.

वहिदा : माझ्या हातानं.

साखराबाई : नीट सांग.

वहिदा : अंगठा अन् बाजूची दोन बोटं मेल्यासारखी झाली होती. काच धरलीय का सोडलीय, तेच उमजत नव्हतं. पोरीला म्हणलं, हात सैल सोड. तिनं सोडलाच होता. मी उलट तिलाच दोनदा टाकून बोलले.

साखराबाई : तवाच काऊन न्हाई सांगितलंस?

वहिदा : चाळीस बाया बसल्या होत्या साखरामाय. बांगडीवालीला हातातली बांगडी कळंना, असं सांगू? उद्या कोण बोलवंल मला.

साखराबाई : त्या पोरीला तर आजच कुणी बोलवंना. चल, कदमांकडं जायचं. सासूसमोर सांगायचं. माझ्यादेखत.

वहिदा : जाते. चुकलंच माझं. ह्या बोटांनी गप्प बसवलं मला, दुसरं काय.

साखराबाई : पण हाताला झालं तरी काय? वारं गेलं का?

वहिदा : मी बी तेच समजले. लकवा आला म्हणलं. तावीज बांधला, तेल चोळलं, मेडिकलवाल्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या त्या खाल्ल्या. ह्यांनी तर एका सकाळी दवाखान्यात नेऊन छातीची ईसीजीची पट्टी काढून आणली. हार्ट म्हणून.

साखराबाई : हार्टचं डाव्या हातात येतं ना?

मकसूद : मी म्हणलं हिचं उलटं बसवलं असंल.

वहिदा : बघा. अशा माणसासाठी मी बांगड्या घालते.

मकसूद : साखरामाय, मनगटात बोगदा असतो. खालून हाडं, वरून एक चिवट पट्टी, छतासारखी. त्यातून बोटं हलवायच्या नऊ दोऱ्या जातात अन् एक नस. आपली नांदेडची रिक्षा धरा. नऊ सवाऱ्या बसल्या तरी निघते का न्हाई?

साखराबाई : दहा बसल्याबिगर निघतच न्हाई.

मकसूद : दहावी सवारी म्हणजे ती नस. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. आता ही रोज बायांचे हात दाबणार, मनगट वाकवून, जोर लावून. सणाच्या दिवसांत दीडशे हात. मग आतलं सगळं सुजतं. नऊ सवाऱ्या जाड झाल्या, रिक्षा तेवढीच. मरण कुणाचं?

साखराबाई : दहाव्याचं.

मकसूद : तीच नस अंगठ्याला जाते, त्याच्या बाजूच्या दोन बोटांना जाते, अन् तिसऱ्याला अर्धी. म्हणून तिथंच मुंग्या, तिथंच बधिर. करंगळी दुसऱ्या गाडीनं जाते. तिला काही त्रास न्हाई.

वहिदा : डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लई चांगल्या आहेत. हात दोन-सहा.

मकसूद : काय काम करता, एवढंच विचारलं त्यांनी. तर हिनं त्यांचाच हात धरून दाबला. त्या म्हणल्या, बास, कळलं.

साखराबाई : करंगळीला खरंच काही होत न्हाई?

वहिदा : काहीच न्हाई.

साखराबाई : अन् रातच्याला जास्ती?

मकसूद : झोपेत मनगट मुडपून राहतं ना. त्यानं दाब वाढतो.

साखराबाई : अन् उठून झटकला की जरा उतार पडतो?

वहिदा : तुम्हाला कुणी सांगितलं?

साखराबाई : सांगतंय कोण. चार वर्सं झाली मला. झटकताना मालकांना दोनदा लागला. आता ते बाज पार गोठ्याजवळ टाकतात. म्हणतात तिथं म्हशी लाथ मारतात, पण दिसून तरी येतं. म्या म्हणलं वय झालं, व्हायचंच.

वहिदा : धारा कोण काढतं?

साखराबाई : मीच. दोन म्हशी, दोन टाइम. वर कापूस.

मकसूद : हात पुढं करा. हाताची पाठ पाठीला लावा. बोटं खाली. कोपरं वर. उलटा नमस्कार, हां. असाच धरा मिनिटभर.

साखराबाई : कोणत्या घड्याळाचं मिनिट? तुझ्या भिंतीवर चाळीस घड्याळं अन् चाळीस टाइम.

मकसूद : मोबाइलमध्ये बघतो.

साखराबाई : आल्या.

मकसूद : काय?

साखराबाई : मुंग्या. पार अंगठ्यापासून.

मकसूद : बावीस सेकंद.

वहिदा : मला चौदाव्यालाच आल्या होत्या.

साखराबाई : तुला चौदाव्याला कशा? तुझ्याकडं म्हशी कुठं हायत?

वहिदा : दीडशे हात म्हणजे दोन म्हशींच्या वर जातात साखरामाय.

साखराबाई : म्हशीला आचळं चार असतात पोरी. गुणिले दोन. गुणिले दोन टाइम.

मकसूद : भांडू नका. साखरामाय, तुम्ही पण एकदा दाखवून या. ते शुगर बघतात, थायरॉईड बघतात. त्यानं बी हे होतं. हिचा थायरॉईड निघाला, गोळी चालू झाली. हा अंगठ्याखालचा गादीसारखा भाग हाय ना, तो जोवर भरलेला हाय तोवर बहुतेकांचं पट्ट्यावर अन् आरामावर भागतं. न्हाई भागलं तर इंजेक्शन. त्यानं बी न्हाई तर छोटं ऑपरेशन. ते छत कापून मोकळं करतात, त्याच दिवशी घरी.

साखराबाई : अन् काहीच न्हाई केलं तर?

मकसूद : तर ती गादी बसते. अंगठा जागेवर राहतो, कामाचा राहत न्हाई.

साखराबाई : तुझी गादी बघू गं वहिदा.

वहिदा : भरलेली हाय अजून. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आता सहा आठवडे थांबलीस तर पुढं बेतानं कितीही वर्षं भर. न्हाई थांबलीस तर पुढचं मी सांगत न्हाई.

साखराबाई : मग शुक्रवारी तू भरणार न्हाईस.

वहिदा : भरणार. तुमचा चुडा ह्यांच्या अब्बांनी भरला. तुमच्या सुनेचा मी भरला. आता नातीचा दुसऱ्या दुकानानं भरला, तर मी इथं बसून काय करू? टिकल्या विकू? मग सगळा बाजार म्हणंल, वहिदाचा हात संपला.

साखराबाई : दुकान हेच राहू दे. हात दुसरा घेऊ. मकसूद भरंल.

मकसूद : कोण?

वहिदा : हे?

साखराबाई : काऊन? त्याचा बाप काय बाई होता? अख्ख्या तालुक्याला भरल्या त्या माणसानं. मान वर करून कधी बघितलं न्हाई.

मकसूद : मला पाठवलं होतं अब्बांनी एकदा. सतरा वर्षांचा होतो.

साखराबाई : आमच्याच घरी. पंचमीला. लाजून डोळे गच्च मिटून बसला अन् एकाच बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. बाकीच्या हात पुढं करून बसल्या तशाच बसल्या.

मकसूद : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

साखराबाई : ती बाई मीच.

वहिदा : मला तर सांगितलं होतं की ह्यांना लहानपणापासून घड्याळांची आवड.

मकसूद : घड्याळ हात पुढं करत न्हाई.

वहिदा : बरं, या इकडं. साखरामाय, डावा हात द्या. तुम्ही अंगठ्याचं हाड आत घ्या. चारी बोटं जवळ. आता ओढू नका, सरकवा. तुमचं मनगट सरळ ठेवा. तुमचं, तिचं न्हाई. न्हाईतर घरात दोन पट्टे लागतील.

मकसूद : गेली.

वहिदा : या अल्ला. फुटली?

मकसूद : हातात गेली.

साखराबाई : मला कळलं बी न्हाई. घड्याळाचाच हात हाय.

वहिदा : एक गेली. तिथं पासष्ट बाया असतील.

मकसूद : ह्या वेळी डोळे उघडे ठेवीन.

वहिदा : अन् मी काय करू?

साखराबाई : तू पट्टा बांधून घरी बस. अन् आता दोघं उठा, कदमांकडं चला. मकसूद, तू पुढं चाल. धोंडाबाईच्या दारावरून.

(शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. तेच दुकान. वहिदाच्या उजव्या मनगटाला पट्टा.)

वहिदा : किती?

मकसूद : आधी पाणी दे.

वहिदा : घ्या. डाव्या हातानं देते, माफ करा. किती फुटल्या?

मकसूद : एक बी न्हाई.

वहिदा : पासष्ट बायांत एक न्हाई?

मकसूद : एक्काहत्तर होत्या. कदमांची सून पण आली. सासूनंच हाताला धरून आणली. तिच्या हातात बाराच्या बारा गेल्या.

वहिदा : हसली का ती?

मकसूद : तोंडात लाडू होता. पण सासूनं सगळ्या बायांना तिचा हात दाखवला. दोनदा.

वहिदा : अन् तनुजा?

मकसूद : तिचा चुडा पहिला झाला. हिरवागार. साखरामायच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं बी नांदेडला दाखवून उजव्या हाताला पट्टा बांधला होता, तोच डोळ्याला लावला.

वहिदा : बघा. अन् मी इथं बसून सकाळपासून जीव मुठीत धरला होता. मूठ पण आवळता येत न्हाई ह्या पट्ट्यात. मला वाटलं निदान वीस तरी फोडाल. लग्नानंतर वर्षभर मी रोज डझनभर फोडायची, तुमचे अब्बा एक शब्द बोलायचे न्हाईत. तुम्ही पहिल्याच दिवशी एक्काहत्तर हात भरले. मग माझं काय काम राहिलं इथं?

मकसूद : तसं न्हाई.

वहिदा : तसंच हाय. दाखवा हात. अंगठ्याला मुंग्या आल्या?

मकसूद : न्हाई.

वहिदा : मनगट दुखतं?

मकसूद : कशानं दुखंल. मी एकीचाच भरला. साखरामायचा, तो बी डावा. बाकीच्यांनी आपापल्या घातल्या.

वहिदा : काचेच्या बांगड्या? आपापल्या?

मकसूद : तनुजानं पुण्यात असताना मोबाइलवर बघितलं होतं. प्लास्टिकची पिशवी हातात घालायची, वरून बांगडी सरकवायची. घसरत जाते. मग पिशवी ओढून काढायची. दाबायचं न्हाई, वाकवायचं न्हाई. अर्ध्या मिनिटात डझन.

वहिदा : सगळ्यांनी तशाच घातल्या?

मकसूद : एकच पिशवी फिरवली सगळ्यांत.

वहिदा : अन् तुम्ही काय केलं दिवसभर?

मकसूद : मापं काढून दिली. त्यातली दोन चुकली.

वहिदा : कसली होती पिशवी?

मकसूद : आपलीच. दुकानाचं नाव छापलेली.